वाट आहे, तीच राखूया : आमच्या ग्रामसभेला खुले पत्र

माननीय सरपंच, पंच सदस्य आणि समस्त गावकर मंडळी,

सादर नमस्कार.

येत्या रविवारच्या ग्रामसभेत डोंगरावरच्या सायकल ट्रॅकचा विषय येणार आहे. सभेत एकेकाला बोलायला जेमतेम पाच मिनिटे मिळतात आणि नळाच्या पाण्याचा प्रश्न निघाला की बाकीचे विषय पुढच्या सभेवर जातात. म्हणून जे सांगायचे ते सविस्तर लिहून कळवतो आहे.

मी सायकलच्या विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकतो. गेली नऊ वर्षे मी याच डोंगरात सायकल चालवतो. गोव्यातल्या आपल्या सत्तरी तालुक्यात बाहेरचे सायकलवाले यावेत, आपल्या घरी उतरावेत, पेज आणि खतखते खाऊन जावेत, असे मला मनापासून वाटते. माझा विरोध आहे तो पंचायतीच्या फलकावर लावलेल्या नकाशातल्या तीन मीटर रुंद रस्त्याला, आणि तो काढायला येणाऱ्या जेसीबीला. सायकलला लागते ती वाट आपल्याकडे आहेच. आपल्या आज्या-पणज्यांनी डोक्यावर भारा घेऊन, अनवाणी चालून ती पाडलेली आहे. आहे ती वाट राखा, एवढीच माझी मागणी. पुढे लिहिले आहे ते सगळे त्यासाठीच.

डांबरी रस्ता झाल्यापासून आपल्यातले बरेच जण त्या बाजूला फिरकलेले नाहीत. म्हणून वाट आज कशी आहे ते आधी सांगतो. सातेरीच्या देवळामागून ती कुळागरात शिरते. पाटाच्या कडेने, माडा-पोफळींतून शे-दीडशे पावले सपाट जाते. ओहोळावरचा साकव ओलांडला की काजूच्या बागायतीतून चढण लागते. ही चढण सरळ नाही. वाट डावीकडे लांबवर जाते, एका जुन्या आंब्याखाली वळते, मग उजवीकडे तेवढीच लांब जाते. प्रत्येक वळणावर छातीएवढ्या उंचीचा एक चिऱ्याचा चौथरा आहे. लहानपणी मला वाटायचे, तो देवाचा असेल. आजीने सांगितले, तो भारा टेकवायला आहे. डोक्यावरची पाटी कुणाची मदत न घेता त्यावर सरकवता यावी आणि दम खाऊन पुन्हा डोक्यावर घेता यावी, एवढीच त्याची उंची ठेवलेली. काजूच्या दिवसांत ती बोंडांची पाटी घेऊन या वाटेने भट्टीवर जायची, मी मागून काठी आपटत चालायचो. सरळ चढून जाणारी एक जवळची पाऊलवाट मला दिसायची. "त्या वाटेने शेळ्या जातात," आजी म्हणायची. "भारा असलेल्या माणसाने मोठ्या वाटेने जावे."

पुढे मी सायकल घेतली, ती चालवता चालवता वाटा कशा बांधतात त्याचा नाद लागला, आणि आजीचे ते वाक्य मला जगभरच्या सायकलवाटांच्या नियमांत सापडले. डोंगरात टिकाऊ वाट काढणारे लोक एक मूळ नियम पाळतात. डोंगर जेवढा तिरका, त्याच्या निम्म्याहून जास्त चढ वाटेला द्यायचा नाही. त्याहून जास्त दिला तर पावसाचे पाणी वाट ओलांडून खाली न जाता वाटेलाच धरते आणि तिचा ओढा करून टाकते. दुसरे, एकूण वाटेचा चढ सरासरीने शंभराला दहाच्या आसपास ठेवायचा. तिसरे, दरीकडची कड किंचित खाली ठेवायची, म्हणजे पाणी पसरून निघून जाते. आणि चढत्या वाटेला मधूनमधून दोन पावलांचा उतार द्यायचा, त्या खोलगटीत पाणी वाट सोडून रानात शिरते.

गवंड्याची पाण्याची नळी आणि दोन काठ्या घेऊन मी आपली वाट मोजली. बागायतीतल्या चढणीला बहुतेक ठिकाणी शंभर पावलांत आठ-दहा पावलांएवढाच चढ आहे. खोलगटी आहेत, आणि त्या नेमक्या जिथे हव्यात तिथे आहेत. कुणी अभियंता इथे आला नव्हता. भारा घेतलेल्या मानेला जे सोसते, तेच डोंगराला सोसते, आणि सायकलच्या चाकालाही. मी आखलेली वाट यापेक्षा चांगली झाली नसती, आणि जेसीबीच्या चालकाला तर ती आखायची उसंतही मिळणार नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण ती लपवून तुमच्याकडे काही मागणे बरोबर नाही. चार वर्षांपूर्वी मिरगाचा पहिला पाऊस पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पाच जण सड्यावरून, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळपठारावरून, याच वाटेने उतरलो. ओली माती, ताजा वास, सगळ्यांना जोर आलेला. चाक फिरते आहे तोवर मातीला फारसे काही होत नाही. मागचा ब्रेक करकचून दाबला आणि चाक फिरायचे थांबले, की टायर नांगराच्या फाळासारखा माती ओढत जातो. आम्ही पाच जणांनी प्रत्येक वळणावर तेच केले. वीतभर रुंद, चार बोटे खोल अशी चर पडली. आम्ही घरी येऊन आंघोळ करून जेवलो. आठ दिवस पाऊस कोसळला आणि त्या चरीतून आलेला गाळ काकांच्या कुळागराच्या पाटात भरला. पाणी पाट सोडून पोफळींच्या मुळांशी गेले. मी गेलो तेव्हा काका गुडघाभर चिखलात उभे राहून घमेल्याने गाळ उपसत होते. रागावले नाहीत. "उदक आपली वाट सोदता," एवढेच म्हणाले. "तुमी ताका ती करून दिली." पाणी आपली वाट शोधतेच, ती आम्ही त्याला करून दिली होती.

दोन दिवस मी त्यांच्याबरोबर गाळ काढला. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला त्या चरीपाशी नेले आणि दगड कसा बसवायचा ते दाखवले. वाटेला आडवा ठेवायचा नाही, तिरका ठेवायचा, दोन हिस्से जमिनीत आणि एक हिस्सा वर. दरीकडचे टोक खालच्या अंगाला. मागे माती ठोकून भरायची, पुढे पाणी पडेल तिथे बारीक खडी. असे सात दगड आम्ही बसवले. चार पावसाळे झाले, एकही हललेला नाही. वाट राखायचे ज्ञान गावात अजून आहे. ते ज्यांच्याकडे आहे ती माणसे वयाची सत्तर वर्षे ओलांडलेली आहेत, म्हणून मला घाई आहे.

जेसीबीने काय होते ते आपण पाहिले आहे. दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या वाड्याकडे एका ठेकेदाराने बागायतीत गाडी जावी म्हणून डोंगराची कड कापली. नाव घेत नाही, माणसे आपलीच आहेत. एका दिवसात काम झाले, सगळे खूश. वरचा चिरा, म्हणजे जांभा दगड, कठीण, त्याखाली मऊ माती. वरचे टोपण फोडले आणि खालची माती उघडी पडली. वाळपईला बहुतेक वर्षी साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यापुढे उघडी माती किती टिकणार? ऑगस्टपर्यंत तो रस्ता खाली ओहोळात होता आणि ओहोळ शेतात. २३ जुलै २०२१ ला म्हादईला पूर आला तेव्हा सत्तरीत डोंगर कसे खचले ते सांगायला नको, तुमच्यातले कितीतरी जण त्या दिवशी दोर घेऊन मदतीला धावले होते. नगरनियोजन कायद्यातले कलम १७-अ डोंगर कापायला लेखी परवानगी मागते. ट्रॅकच्या कागदांत ती परवानगी मला कुठे दिसली नाही. सभेत कुणीतरी हे विचारावे.

आणि तीन मीटर कशासाठी? सायकलच्या हँडलची रुंदी जेमतेम दीड-दोन हात. दोन फुटांची वाट तिला पुरते. डोंगरात सायकल चालवणारा माणूस वळण, मूळ, दगड यांच्यासाठीच येतो. तीन मीटरच्या सपाट रस्त्यावर तो दुसऱ्यांदा येणार नाही. त्यावर येतील त्या मोटारसायकली आणि उघड्या जीप. आपण रस्ता करणार सायकलच्या नावाने, आणि वापरणार दुसरेच.

जमिनीचा विषय नाजूक आहे, तरी टाळत नाही. आपल्यातल्या कितीतरी घरांची काजूची बागायत पिढ्यान्‌पिढ्या ताब्यात आहे, पण कागद नाही. मोकासो, आल्वारा हे पोर्तुगीज काळातल्या जमीनदानांचे शब्द ऐकत आपण मोठे झालो. १९९९ मध्ये म्हादई अभयारण्य जाहीर झाले, २०८ चौरस किलोमीटरचे, तेव्हापासून नकाशावर नवी रेघ दिसली की घराघरांत धास्ती बसते. २४ जुलै २०२३ रोजी उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितले, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि धास्ती दुप्पट झाली. अशा वेळी "ट्रॅक", "रस्ता", "प्रकल्प" हे शब्द ठरावात येऊ देऊ नका. पायवाट असेच लिहा. जाण्या-येण्याची वहिवाट पूर्वीपासून आहे, ती तशीच राहील, जमीन ज्याची त्याची, कुणाच्या कुंपणाला हात लागणार नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहा. माझी स्वतःची चुलती याच भीतीने ट्रॅकला नाही म्हणते आहे, आणि तिची भीती मला खोटी वाटत नाही. अभयारण्याच्या हद्दीत तर आपण नेऊच नये. तिथे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते, आणि हद्दीबाहेरच्या वाटा आपल्याला पुरून उरतील.

या वाटा नुसत्या काजूच्या नाहीत. चोर्ल्याच्या घाटाने बैलांच्या पाठीवर मीठ वर जाई आणि धान्य खाली येई, तेव्हा आपल्या सड्यावरची वाट त्यांची होती असे आजोबा सांगत. १८५२ मध्ये दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेतला. पोर्तुगीज सरकारविरुद्ध पिढ्यान्‌पिढ्या उठाव करणाऱ्या सत्तरीकरांचे बळ डोंगरवाटांच्या माहितीतच होते. शाळेतल्या मुलांना आपण किल्ल्याचे नाव सांगतो, वाट दाखवत नाही. एका सायकलवरून फिरणाऱ्या मुलाला मी त्या दिवशी विचारले, धनगरवाड्याला कसे जायचे? त्याने मोबाइल काढला.

मोबाइलवरून आठवले. सायकलवाल्यांची एक सवय फार नुकसान करते. कुठे कुठे गेलो त्याची रेघ ॲपवर आपोआप उमटते, ती कुणालाही दिसते, आणि मग अनोळखी माणसे ती धरून येतात. मागच्या डिसेंबरात अशाच एका रेघेने तीन जण आपल्या देवाच्या रायीत सायकली घेऊन शिरले. मी तिथे पोचलो तेव्हा एक जण झऱ्याच्या पाण्यात चेन धूत होता. त्याच्या मनात वाईट काही नव्हते, त्याला कुणी सांगितलेच नव्हते. रायीत आपण चपला काढून जातो, पडलेले लाकूडही घरी आणत नाही. बांबरची निरंकाराची राय बघायला लोक लांबून येतात, तिथल्या दलदलीतली रानजायफळाची झाडे गुडघ्यासारखी मुळे पाण्याबाहेर काढून उभी असतात. आपली राय एवढी नावाजलेली नाही, पण उन्हाळ्यात वाड्याच्या विहिरींना पाणी राहते ते तिच्यामुळे. ती सायकलला कायमची बंद असली पाहिजे. वाट रायीच्या वरच्या अंगाने वळसा घेऊन जाते, तशीच जाऊ द्या. आणि गावात येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याला ॲपची रेघ खाजगी ठेवायला लावा. मी माझ्या जुन्या रेघा सगळ्या पुसल्या आहेत.

जनावरांबद्दल बोलताना आपण कधी फार भितो, कधी मुळीच भीत नाही. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, ती जखम सत्तरीच्या अंगावर आहे. वाघ क्वचित दिसतो. गवा आणि अस्वल मात्र आपल्याच वाटांनी चालतात, कारण जनावरालाही सोपी चढण हवी असते. पायी चालणाऱ्या माणसाची चाहूल त्यांना आधी लागते. सायकल वेगाने येते आणि आवाज करत नाही. वळणावर अचानक दहा पावलांवर समोर आली की अस्वल अंगावर येते. यासाठी मी आजोबांच्या बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा हँडलला बांधली आहे. खडबडीत वाटेवर ती आपोआप वाजते, आणि वाजली की वाड्यावरचे कुत्रेसुद्धा ओळखतात कोण येते आहे. अशी घंटा प्रत्येक सायकलला सक्तीची करा. सूर्य उगवायच्या आधी आणि मावळल्यावर डोंगर जनावरांचा, तेव्हा कुणी जाऊ नये.

सड्याचे मला जास्त वाटते. उन्हाळ्यात तो काळाठिक्कर, तापलेला, कुणालाही वाटावे इथे काही नाही. पाऊस सुरू झाला की त्याच्यावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवे उगवतात, निळी-जांभळी, नखाएवढी. गेंदाची पांढरी बोंडे, दवबिंदूची तांबडी पाने, ज्यांवरच्या चिकट थेंबांना किडे लागून राहतात. मातीत अन्न नाही म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवे किडे खातात. ऑगस्ट-सप्टेंबरात सडा पाण्याने भरलेल्या ताटासारखा असतो. त्या मातीवरून एक सायकल गेली तर चाकाची रेघ पुढच्या वर्षीही दिसते, मी पाहिली आहे. तेव्हा मिरग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत सगळ्या वाटा सायकलला बंद ठेवा. याच दिवसांत पाहुणे जास्त विचारतात, हिरवा डोंगर बघायला, मला माहीत आहे. त्यांना पायी न्या. चवथीच्या आधी माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या रानफळा-फुलांचे, सामान आणायला आपण जातोच. कांगलां, कवंडळां, घागऱ्यो कुठे मिळतात ते दाखवत एखाद्या म्हाताऱ्याने चार पाहुणे बरोबर नेले तर त्यांना जन्मभर लक्षात राहील.

काजूच्या दिवसांत, फेब्रुवारी ते मे, बागायतीतल्या वाटेवर सकाळी बायका बोंडे गोळा करत असतात. भारा घेऊन येणारी बाई दिसली की सायकलवाल्याने उतरायचे, सायकल दरीच्या बाजूला घेऊन उभे राहायचे, ती गेल्यावर निघायचे. डोंगराच्या बाजूने तिला जाऊ द्यायचे, कारण तिचा तोल गेला तर आधाराला डोंगर पाहिजे. हे मला कुणी पुस्तकातून शिकवले नाही, एकदा उलट्या बाजूला उभा राहिलो तेव्हा एका मावशीने चांगले खडसावले. वाटेवरची ही रीत फलकावर सगळ्यात वर लिहा.

कुणी म्हणेल, एवढी बंधने घालून पायवाटा राखायच्या तरी कशाला, रान वाढू दे. त्यांना मार्च २०२३ ची आठवण करून देतो. ५ तारखेला म्हादईच्या रानात आग लागली आणि आठवड्याहून जास्त दिवस धुमसत होती. नौदलाची हेलिकॉप्टरे पाणी टाकत होती. पण खाली पालापाचोळा झोडपून आग विझवायला गेली ती वनखात्याची माणसे आणि आपल्यासारख्या गावांतली पोरे, पायी. जिथे वाट मोकळी होती तिथे ती वेळेवर पोचली. जिथे वाट रानाने गिळली होती तिथे कोयत्याने मारत जावे लागले, आणि तोवर आग वरच्या कड्याला भिडलेली असायची. झाडून ठेवलेली पायवाट आगीला थोडा वेळ अडवतेसुद्धा. गेल्या वर्षी पणजीहून आलेल्या एका सायकलवाल्याचे खांद्याचे हाड मोडले तेव्हाही तेच. तिथे फोन लागत नाही. आम्ही चौघांनी बांबू आणि चादरीची डोली करून त्याला तासभर चालत रस्त्यापर्यंत आणले, मग १०८ ची रुग्णवाहिका आली. तो वाटेत सारखा "माफ करा, माफ करा" म्हणत होता. माझ्या आईला बाळंतपणासाठी याच वाटेने अशाच डोलीतून आणले होते. चढ बेताचा होता म्हणून डोली हलली नाही.

आता पैसा. ट्रॅकसाठी सरकारी अनुदान येणार, ते सोडायचे का, असा प्रश्न काही पंचांनी मला बोलून दाखवला. अनुदान घ्या, पण यंत्रावर घालू नका. वाट राखायला कुदळ, कोयता, घमेले आणि माणसे लागतात. पावसाच्या आधी आठ दिवस आणि दसऱ्यानंतर आठ दिवस दहा माणसांची मजुरी धरा. काम जाणत्या म्हाताऱ्यांच्या देखरेखीखाली होऊ दे, त्यांनाही मजुरी द्या, मान म्हणून नारळ देऊन बोळवण करू नका. बाहेरचा सायकलवाला गावातला वाटाड्या घेतल्याशिवाय डोंगरात जाणार नाही, वाटाड्याचे पैसे वाटाड्याला आणि वाटेची फी गावाच्या वेगळ्या खात्यात. त्या खात्याचा हिशेब दर ग्रामसभेत वाचून दाखवा. वाटाड्या म्हणून फक्त मुलगे घेऊ नका. धनगरवाड्यावरच्या दोन मुली माझ्यापेक्षा वेगाने चढतात आणि रानातले प्रत्येक झाड ओळखतात. सायकल कुणाच्या ऐपतीची नसेल तर दुरुस्तीचे काम मी शिकवीन, ट्यूबलेस टायरात सीलंट कसे भरायचे, कांटा लागला तर काय करायचे. गावात दुरुस्ती होत नाही म्हणून आज प्रत्येक वेळी फोंडा किंवा म्हापसा गाठावे लागते. तो धंदा इथेच होऊ शकतो.

आणि वाटांची नोंद करा. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक पंचायतीची समिती आहे, आपलीही आहे, तिची लोक जैवविविधता नोंदवहीही आहे. झाडे, पक्षी, औषधे त्यात आली असतील. वाटांची नावे त्यात घाला. पाणवठ्याची वाट, भट्टीची वाट, मड्याची वाट, करवल्यांची वाट. शिमग्याच्या विधीतल्या करवल्यो ज्या मांडावरून (विधीच्या जागेवरून) ज्या मांडावर जातात ती वाट तर पोरांना अजून माहीत आहे. बाकीच्यांची नावे माझ्या काकांच्या पिढीबरोबर जातील.

माझ्या सायकलवाल्या मित्रांनाही या पत्रातून सांगतो. तुम्हाला नवी, अवघड, उड्या मारायची जागा हवी आहे, मला समजते, मलाही वीस वर्षांचा असताना तेच हवे होते. जुन्या चिरेखाणीत ती करता येईल, जिथे माती आधीच गेलेली आहे आणि खाली कुणाचा पाट नाही. तिथे हवे तेवढे चढ-उतार बांधू, मी कुदळ घेऊन येईन. बागायतीतल्या वाटेवर मात्र आपण पाहुणे आहोत, या गावात जन्मलो असलो तरी.

ठराव करण्याआधी एकदा ती वाट चालून या, ही माझी हात जोडून विनंती. सरपंचांनी यावे, पंचांनी यावे, ज्यांनी नकाशा काढला त्यांनीही यावे. ग्रामसभा रविवारी साडेदहाला आहे. त्याच दिवशी सकाळी साडेसहाला मी सातेरीच्या देवळामागे थांबतो. काका येणार आहेत, धनगरवाड्यावरून दोघे सड्यावर भेटतील. जाऊन यायला अडीच तास लागतात, सभेला वेळेवर पोचू. पाण्याची नळी आणि काठ्या मी आणतो, ज्याला चढ मोजून बघायचा त्याने मोजावा. जमले तर एकेक कोयता बरोबर घ्या, दुसऱ्या वळणावर करवंदीने वाट धरली आहे. साकवाच्या पलीकडचे दोन चिरे निसटले आहेत, तिथे पाय जपून ठेवा.

आपला,
वाड्यावरचाच एक सायकलवाला